हाताचा वानवळा

चिमाचा उजवा हात एरवी कधी स्वस्थ बसायचा नाही. चुलीवर तवा तापत असला, तरी हात आपला मांडीवर गोल गोल फिरत असायचा, जसं समोर जातं आहे आणि खुंटा मुठीत आहे. तिचा नवरा महिपत पडवीतून हाक मारायचा, "अगो, काय दळतंस एवढं? पीठ गिरनीतनं आनलंय मी."

"माजं मला दळू दे," चिमा म्हणायची.

पण त्या दिवशी ती चिपळूणच्या इस्पितळातून आली आणि हात थांबला. हात थांबला आणि बाकीची सगळी चिमा फिरायला लागली. मागीलदारी गेली, कशाला आलो ते आठवेना म्हणून परत आली. पडवळ काढायला मांडवाखाली उभी राहिली आणि रिकामी टोपली घेऊन घरात शिरली. भाकरी करपली. महिपतने करपलेला पापुद्रा सोलून उरलेली खाल्ली आणि खाली मान घालूनच विचारलं, "डाक्टरीनबाय काय बोलली? परत उपटलं काय?"

"न्हाय वो. हात बरा हाय."

"मग तवसं परत कशाला आनलंस? तिला द्यायला न्हेलं होतंस ना?"

पिशवीतलं मोठं काकडीचं तवसं चिमाने कोपऱ्यात उभं करून ठेवलं. ते कोपऱ्यातून तिच्याकडे बघत बसलं.

गेल्या वर्षी चिमाची उजवी छाती काढली होती. काखेतल्या गाठीही काढल्या. जखम भरली, औषधं संपली, डोक्यावर केस उगवले, तेव्हा गावाला वाटलं, सुटली बाई. आणि मग हात सुजायला लागला. आधी दंड, मग कोपर, मग मनगट. कासाराने उजव्या हातातल्या बांगड्या कापून काढल्या. सवाष्णीचा एक हात हिरवागार आणि एक रिता. हात डोक्यापर्यंत जाईना, तेव्हा महिपत तिचे केस विंचरायला बसायचा आणि बैलाला दावं बांधावं तशी गाठ मारायचा. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचला. वाचला खरा. पण वाचलेला जीव असा ओल्या गोणपाटासारखा खांद्याला लटकत असेल, तर तो घेऊन जायचं कुठे?

तशात मनस्वी मॅडम भेटल्या. व्यायामाच्या डॉक्टर, दापोलीकडच्या. केस आखूड, बोलणं भराभरा. त्यांनी इस्पितळात बायकांना बसवून सांगितलं होतं, "आजार गेला की सगळ्यांना वाटतं काम संपलं. माझं काम तिथून सुरू होतं. तुम्हाला वेणी घालता येते का, कुशीवर झोप लागते का, नातवंडाला उचलता येतं का, ते मला बघायचंय. आणि कशाने येतं, ते शोधायचंय."

शोधायची रीत त्यांनी समजावली. बायकांचे दोन गट. कोणी कुठल्या गटात जायचं, ते चिठ्ठी ठरवणार, मॅडमसुद्धा नाही. एका गटाला नेहमीची घट्ट बाही आणि माहितीचा कागद, शिवाय नवा व्यायाम. दुसऱ्याला फक्त बाही आणि कागद. तो व्यायाम त्यांना दिवाळी झाल्यावर शिकवायचा. "तोवर गाणाऱ्या गटाने थांबलेल्या गटातल्या कोणालाच काही दाखवायचं नाही. एवढं एकच मागते," मॅडम म्हणाल्या होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. चिमानेही.

गाणारा गट, कारण व्यायाम ओवीवर होता. जमिनीवर बसायचं, पाय पसरायचे, जातं नसताना जातं फिरवायचं, अगदी हळू. एक ओळ म्हणत हात पुढे, एक ओळ म्हणत मागे, मध्ये पोटभर श्वास. ओव्या जिच्या तिने जोडायच्या. चिमाच्या आईने उभा जन्म जात्यावर काढलेला. चिमाला ओळी सुचायला वेळ लागला नाही.

हात माझा जड झाला, जसं भिजलं गोणपाट,
फिर गो बाय हळू हळू, मोकळी होऊ दे वाट.

खाडीला येते भरती, मागून येते ओहोटी,
माझ्या दंडातल्या पान्या, तूबी लाग आपल्या वाटी.

चिमाची चिठ्ठी गाणाऱ्या गटाची निघाली. सईदाची थांबलेल्या.

सईदा गडग्यापलीकडची. चिमाची वाडी संपते आणि मोहल्ला सुरू होतो, तिथे जांभ्या दगडांचा हा कमरेएवढा गडगा. त्यावरून पिढ्यान् पिढ्या वानवळा जात-येत आला होता. पहिलं तवसं, पहिलं पडवळ इकडून. ईदच्या शेवया, वाळवलेली कोलंबी तिकडून. भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. घरात नवं काही आलं आणि शेजारी पोचलं नाही, तर ते गोडच लागत नाही, हे चिमाला कुणी शिकवलं नव्हतं. श्वास घ्यायला तरी कोण शिकवतं? दोघींना एकाच पावसात गाठ लागली, एकाच वर्षी दोघी कापल्या गेल्या, एकाच एसटीने दोघी चिपळूणला जायच्या.

आणि एका सकाळी सईदा गडग्याशी उभी राहून म्हणाली, "चिमा, नमाजला हात कानापर्यंत जात नाय गो माझा. अर्ध्यावरच ऱ्हातो. अल्ला म्हनत असेल, ही बाय मला अर्धाच सलाम करते."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. चिमाने इकडे तिकडे बघितलं, गडगा ओलांडला आणि सईदाच्या ओटीवर पाय पसरून बसली. "बस माज्यासमोर. खुंटा धर."

"खंय हाय खुंटा?"

"हाय असं समज."

मॅडमसमोर डोलावलेली मान तिला आठवत नव्हती असं नाही. पण घरात आलेलं औषध आपण एकटीने चाटायचं आणि सईदाने गडग्यापलीकडून बघायचं? तिला ते जमलंच नाही. मग रोज सकाळी दोघी बसू लागल्या. सईदा आपल्या ओळी जोडायची.

समुद्रापल्याड धनी माझा, फोनात दाविला हात,
हसून बोलला, बीबी, आता कालव सारभात.

कुवेतहून तिच्या नवऱ्याने, मन्सूरने, खरंच तसं म्हटलं होतं. सईदाच्या हाताची सूज उतरत गेली. मोजणाऱ्या बाईला कोण कुठल्या गटातली ते ठाऊक नसायचं, ती टेप लावून बघायची आणि म्हणायची, "छान." चिमाला विचारायची, "हात किती जड वाटतो? शून्य ते दहा सांगा."

"पैलं भरल्या कळशीयेवढा, आता तांब्यायेवढा."

"मावशी, आकडा."

"आता तुमचा तांब्या केवढा, त्याच्यावर हाय ते."

सगळं असं बरं चाललं होतं. म्हणून तर त्या दिवशी मोजणी झाल्यावर चिमा तवसं घेऊन मॅडमच्या खोलीशी गेली. दार अर्धं उघडं होतं. मॅडम पाठमोऱ्या, फोन कानाशी.

"सर, फरकच दिसत नाहीये. थांबलेल्या गटातल्या बायकांचेही हात उतरलेत... हो. हो, कळतंय मला. दोन्ही सारखेच बरे झाले, तर व्यायामाने काही होत नाही, असंच म्हणायला लागेल. मग दिवाळीनंतर वर्ग बंद... नाही, मी पुन्हा तपासते."

फोन ठेवून मॅडम टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. चिमा पाय न वाजवता मागे सरली.

दुसऱ्या दिवशी ती महिपतची पेज घेऊन शेतावर गेली, तर तो चिखलात ओणवा, मेर बांधत होता. भाताच्या दोन कोपऱ्यांमधली, म्हणजे दोन खाचरांमधली, मातीची मेर रात्रीतून फुटली होती.

"वरच्या कोपऱ्यात नवं खत टाकलं होतं," तो कुरकुरला. "बघनार होतो, येतंय काय त्याच्यानं. सगळं व्हावून खालच्यात. आता दोनी हिरवंगार. खताचं हाय का पावसाचं, कोन सांगनार?"

चिमाने पेजेचा डबा खाली ठेवला. ती बांधावर खाली बसली.

मॅडमच्या दोन गटांमधली मेर तिनेच फोडली होती. मॅडम दोन्ही कोपऱ्यांकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांना दोन्ही हिरवीगार दिसत होती. उद्या त्या म्हणणार, खतात काही दम नव्हता. खोली बंद होईल. आणि पुढल्या वर्षी जिच्या बांगड्या कापाव्या लागतील, तिला इस्पितळात बाही मिळेल, कागद मिळेल, घरी जा म्हणतील.

आणि सांगितलं तर? सांगितलं तर सईदाला काढतील. आपल्याला काढतील. मॅडम तोंडसुद्धा बघणार नाहीत.

त्या दिवसापासून तिला कुठेच थारा लागेना. निजली की उठायची, उठली की दाराशी जायची. कोंबड्यांना दोनदा तांदूळ टाकले, तिसऱ्यांदा टाकायला गेली तेव्हा महिपत म्हणाला, "त्यांना काय लग्नाला न्ह्यायच्या हायत?" सकाळी सईदाच्या ओटीवर ती बसली, हात पुढे केला आणि ओवीच आली नाही. ओठ उघडे, आवाज नाही.

"काय झाला गो तुला?" सईदाने विचारलं.

चिमाने फोनवरचं सगळं सांगितलं. मेरीचंही. सईदाचा फिरता हात जागच्या जागी उभा राहिला.

"म्हंजे तू आता जाऊन सांगनार?"

"सांगूक लागंल, भाबी."

"दिलेला वानवळा परत मागतात काय कोन? तुमच्यात तशी रीत हाय?"

"मी कुठं परत मागतंय?"

"मागतंसच की! त्या म्हनतील, सईदा, उद्यापासून बंद. मग? माझा हात कानापर्यंत गेलाय, चिमा. तो मी खाली घेनार नाय. तुझी मॅडम आली तरी नाय, तिचा मोठा डॉक्टर आला तरी नाय."

"माजी मॅडम? ती तुजी पन हाय."

"मला खंय शिकवला तिनं? मला तू शिकवलास." सईदा उठली, पदर झटकला आणि घरात गेली. आतून सून आलियाला उगाचच ओरडल्याचा आवाज आला.

त्यानंतर गडग्यावरून काही आलं नाही. चिमाने पडवळाची भाजी वाटीत घालून गडग्यावर ठेवली. संध्याकाळी वाटी तशीच, वर मुंग्या. तिच्या जन्मात पहिल्यांदा भांडं असं परत आलं होतं. तिने भाजी गोठ्यात टाकली, वाटी घासली, पुन्हा घासली. हात दुखायला लागला. दंडात पुन्हा ते जुनं पाणी भरतंय असं वाटायला लागलं. खरंच भरत होतं की काय, कोण जाणे. ती रोज दोरा घेऊन दंडाला गुंडाळायची आणि दोऱ्यावरही तिचा विश्वास बसायचा नाही.

वर्गाच्या दिवशी ती एकटीच एसटीत बसली. पिशवीत नवं तवसं. वाटभर ती मनात वाक्य जुळवत होती. मॅडम, माजं चुकलं. नको. मॅडम, मेर फुटली. त्यांना काय कळणार मेर? कंडक्टरने तिकिटाला हाक मारली, तेव्हा ती त्यालाच म्हणाली, "मॅडम..." आणि मागची दोन पोरं फिदीफिदी हसली.

इस्पितळात मनस्वी मॅडम खोलीत चटया अंथरत होत्या. अजून कोणी आलं नव्हतं.

"या चिमाताई. आज लवकर? अरे वा, तवसं!"

चिमाने तवसं पुढे केलं आणि सोडलंच नाही. दोघींनी दोन टोकांना धरलेलं.

"मॅडम, मी वानवळा दिला."

"हो, दिसतंय ना. सोडा की."

"ह्यो न्हाय. तो. हाताचा." चिमाने तवसं आणखी घट्ट धरलं. "तुमी सांगितलं होतं, द्यायचा न्हाय. मी दिला. गडग्यापल्याड. तुमाला वाटतंय तुमच्या व्यायामात दम न्हाय. तुमी फोनवर बोलत होतात, मी ऐकलं. दम हाय वो त्याच्यात. म्हनून तर दोनी हात उतरले."

मॅडमने तवसं सोडलं. खाली चटईवर बसल्या. "कोणाला दिलात?"

चिमाने तोंड उघडलं. आणि पुन्हा मिटलं. आपलं पाप सांगायला ती आली होती. दुसऱ्याचा हात कसा दाखवून द्यायचा?

"मला," दारातून आवाज आला.

सईदा उभी होती. काळा बुरखा, कपाळावर घाम. मागच्या गाडीने आली असावी. तिने काही सांगितलं नाही. सरळ आत आली, मॅडमसमोर उभी राहिली आणि दोन्ही हात उचलले. खांद्यापर्यंत, मानेपर्यंत, कानाच्या पाळीपर्यंत. तिथे धरून ठेवले. उजवा थोडा थरथरत होता.

"ह्या बघा," ती म्हणाली. "आता काय लिवायचा ता लिवा. पन हात मी खाली घेनार नाय, हे आधीच सांगते."

मॅडम त्या हाताकडे बघत राहिल्या. चिमाला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला. "खाली घ्या, सईदाभाभी. दुखेल. तुम्हाला कोण बंद करायला सांगतंय? आलेला हात मी परत घेऊ?"

सईदाने चिमाकडे बघितलं नाही, पण तिच्या शेजारी येऊन बसली. बुरख्याचा काठ चिमाच्या लुगड्याला लागला.

हळूहळू बाकीच्या बायका आल्या. मॅडमनी व्यायाम सुरू केलाच नाही. "रागावणार नाही," त्या म्हणाल्या, "पण खरं सांगा. हा व्यायाम थांबलेल्या गटातल्या कोणाला दाखवलात?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग खेर्डीच्या बाईने हळूच बोट वर केलं. "नणंदेला. एकाच घरात हाय, कुठं लपवू?" मग पलीकडची म्हणाली, "माझ्या विहिणीला, फोनवर." मग आणखी एक. मग जवळजवळ सगळ्याच. एकीने तर विचारलं, "देवळात भजनाला शिकवला, ते चालंल ना?"

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि कुठल्या पाण्याला काय म्हणायचं, ते कुणालाच कळेना.

"मीसुद्धा इथलीच," त्या शेवटी म्हणाल्या. "माझी आईसुद्धा पहिला फणस कापला की पाच घरं फिरते. आणि मी एकीला देते, तिच्या शेजारणीला तसंच ठेवते, आणि म्हणते थांबा. मलाच कळायला हवं होतं." मग आवाज बदलला. "झालंय ते तसंच लिहून सरांना दाखवायला लागेल. ते काय म्हणतील, माहीत नाही. मी त्यांना म्हणणार आहे, पुढची चिठ्ठी बाईची नको, गावाची काढू. अख्खं गाव गाणारं, नाहीतर अख्खं गाव थांबलेलं. गावात हवा तेवढा वाटा. पण दुसऱ्या गावाला, दिवाळी होईपर्यंत, एक ओळसुद्धा नाही. आता जमेल?"

कोणी मान डोलावली नाही. मान डोलावणं किती सोपं असतं, ते सगळ्यांना कळलं होतं. मग चिमा म्हणाली, "जड जाईल, मॅडम. पन जमवीन."

"आकडा सांगा. किती जड?"

"भरल्या कळशीयेवढं."

परतीच्या गाडीला वेळ होता. सईदा स्टँडवर बोंबील घ्यायला गेली आणि चिमा बाकावर बसली. आता मन सुटायला हवं होतं. सुटलं नव्हतं. सर नाही म्हणाले तर? मांडीवर हात आपोआप फिरायला लागला.

शेजारी एक तरुण बाई बसली होती, उजव्या हाताला ती घट्ट बाही. सोबत शाळेच्या कपड्यातली मुलगी, केस मोकळे, कपाळावर आलेले. बाई चिमाच्या हाताकडे बघत होती.

"मावशी, तुम्ही इस्पितळात असता ना? मी पण. थांबलेल्यांत. आमचं गाव पोफळीकडं." ती जरा सरकली. "हे हाताचं काय करता? मला दाखवा ना. लेकीची वेणीसुद्धा घालता येत नाही मला. शाळेत बाई रोज बोलतात हिला."

चिमाचा हात वाटेतच उभा राहिला. ओवी जिभेवर आली होती. फिर गो बाय इथपर्यंत. तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. मध्ये गडगा नाही, काही नाही, हाताच्या अंतरावर ती बाई, आणि आपण कोरडं बसायचं. द्यायचं नाही. जन्मात इतकं वाईट ती कुणाशी वागली नव्हती.

"दिवाळी झाली की, बाय," ती कशीबशी म्हणाली. "मॅडम सोता शिकवतील. मी सांगतंय, नक्की शिकवतील. तू सोडू नको हां."

"दिवाळी?" बाईने तोंड फिरवलं. "बरं."

ते "बरं" चिमाला सोसवेना. ती उठली, बसली, पुन्हा उठली.

"पोरीचं नाव काय?"

"सानवी."

"ये गो सानवी. फनी हाय दप्तरात? बस हितं पाठमोरी."

मुलगी आईकडे बघून तिच्यापुढे बसली. चिमाने दोन्ही हात उचलले. उजवा हात वर गेला, डोक्यापर्यंत, विनासायास, आणि केसांत शिरला. तिने मधोमध भांग पाडला. तीन पेड केले. ओठ घट्ट मिटलेले, ओवी दातांखाली धरलेली. सानवीच्या आईने मान वळवून त्या हाताकडे बघितलं आणि मग ती बघतच राहिली.

"चिमा, गाडी लागली गो!" पलीकडून सईदा ओरडली, हातातली बोंबलांची पिशवी हलवत. "चल, जागा जाईल!"

"थांबव तिला," चिमा म्हणाली. "एकच वेनी झालीय अजून."